डिश कोणीकडे पाहते?

आमच्या आजीच्या सौंसरच्या घरावर एक लोखंडी नळ उभा आहे आणि त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा एरियल आहे. त्याचे तोंड नागपूरकडे आहे. आजोबांनी १९८० नंतरच्या दशकात तो बसवला तेव्हापासून ते तिकडेच आहे. आता त्यात काही येत नाही. प्रसार भारतीने २०२० ते २०२२ या काळात देशातील जवळजवळ सगळी जुन्या पद्धतीची, म्हणजे अ‍ॅनालॉग, प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली. तरी आजी तो नळ काढू देत नाही. भावना वगैरे काही नाही, कपडे वाळत घालायच्या दोरीचे एक टोक त्याला बांधलेले आहे.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत, म्हणजे २०२५ सालच्या, मी सौंसरला गेलो होतो. त्या आठ दिवसांत या नळाशेजारी एक डिश बसवण्याचे काम माझ्यावर पडले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला ताळेबंद जुळवता येतो, डिश जुळवता येत नव्हती. ती दोन वेळा चुकून तिसऱ्या वेळी कशी जुळली आणि का जुळली हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आमच्या वर्गातील बऱ्याच मित्रांच्या घरांवर डिश आहे. ती अमुकच दिशेला का पाहते, असे विचारले तर एकालाही सांगता आले नाही, आणि तोपर्यंत मलाही आले नसते.

आधी सौंसर कोठे आहे ते सांगायला हवे, कारण आपल्या बेळगाव भागातील वाचकांना ते नाव ओळखीचे नसेल. नागपूरहून उत्तरेकडे छिंदवाड्याच्या वाटेवर सातपुड्याचा घाट चढण्यापूर्वी सौंसर लागते. तेथून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर पांढुर्णा, नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते ते हेच पांढुर्णा. दोन्ही तालुके मध्य प्रदेशात. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ साली दोघांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घरातली बोली मराठी, कचेरीची भाषा हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात आले, तेव्हा ही गोष्ट आपल्याला फोड करून सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर एरियलचे तोंड नागपूरकडे असण्याला एक अर्थ होता. नागपूरकडे काटा वळवला की घरात मराठी येई. आजोबा कवेलूंवर चढून नळ फिरवत, काका अंगणात उभे राहत आणि आजी आतून ओरडे, "आलं! आलं! गेलं जी, मांगं घ्या!" हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकले आहे की मी तेथे हजर होतो असेच मला वाटते.

पुढे केबल आली, ती काही वर्षांनी तुटली. मग पैसे भरायची डिश आली. आजोबा गेल्यावर तिचे दरमहा पैसे भरणे राहून जाऊ लागले. शिवाय दुकानदाराने जो स्वस्त संच लावून दिला होता त्यात मराठी वाहिन्या नव्हत्या. मध्य प्रदेशातले गिऱ्हाईक म्हणजे हिंदी, असा त्याचा हिशेब. मराठी वाहिन्या हव्या तर त्या वेगळ्या घ्यायच्या, त्यांचे पैसे वेगळे. आजीने "राहू दे" म्हटले आणि ती डिश कोणीतरी उतरवून नेली. आजीच्या दोन्ही डोळ्यांना आता वर्तमानपत्र वाचवत नाही. घरात ती एकटी. मी पोचलो तेव्हा दूरचित्रवाणी संचावर क्रोशाचे विणलेले कापड घातलेले होते आणि त्यावर गणपती बसवलेला होता. चार महिने तो संच लागलेला नव्हता.

म्हणून डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. एकदा डिश, पेटी आणि तार विकत घेतली की झाले. दूरदर्शनच्या सगळ्या भाषांच्या वाहिन्या त्यात असतात, म्हणजे सह्याद्रीही आली, मध्य प्रदेशही आली आणि आपली चंदनाही. खासगी वाहिन्याही असतात, पण त्या लिलावात जागा घेऊन येतात. त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी दिसेलच असे नाही. आम्हाला डिश, डोके, पेटी, वीस मीटर तार आणि बोल्ट मिळून १,९०० रुपये पडले. आता तुलना पाहा. २०१९ साली नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार पैसे भरायच्या सेवेसाठी पहिल्या १०० वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीची कमाल आकारणी महिना १३० रुपये होती. तिच्यावर १८ टक्के कर धरला की १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले १,८४० रुपये ८० पैसे, आणि त्यात सशुल्क वाहिन्यांची किंमत नाहीच. पुढे २०२४ साली तर ही मर्यादाही उठली. म्हणजे जुन्या दरानेसुद्धा आमचा खर्च साधारण साडेबारा महिन्यांत भरून निघतो. ना नफा ना तोटा बिंदू काढायला आम्हाला शिकवले जाते, त्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिला उपयोग.

डिश घेताना पाहायचे थोडेच असते. व्यास ६० सेंटिमीटरचा पुरतो. पत्र्याला पोचा नसावा, कारण वाकडा आरसा जसा तोंड वाकडे दाखवतो तशी वाकडी डिश किरण एका ठिकाणी आणत नाही. पेटी एमपेग-४ पद्धतीचे चित्र उलगडणारी घ्यावी. जुन्या एमपेग-२ पेटीत निम्म्या वाहिन्या कोऱ्या राहतात आणि दोष डिशला दिला जातो. तार जाड गोल, ७५ ओहमची. पूर्वीच्या एरियलला असायची ती चपटी दोन पदरी पट्टी येथे चालत नाही.

खरेदी पांढुर्ण्यात झाली, कारण काका तेथे राहतात आणि त्यांचा या विषयात अधिकार आहे. त्यांच्या गच्चीवर जुना काटाही आहे आणि फ्री डिशही. ओळखीच्या पाच-सहा घरांवर त्यांनी स्वतः डिश बसवल्या आहेत. ३० सप्टेंबरला ते मोटारसायकलवर डिश बांधून सौंसरला आले आणि आल्याआल्या त्यांनी आपला नियम सांगितला. "नागपूरचा काटा पाहायचा, हात लांब करायचा आणि काट्याच्या उजवीकडं सव्वा मूठ मोजायची. तेथं उपग्रह."

आम्ही आजोबांच्या काट्यापासून उजवीकडे सव्वा मूठ मोजली आणि डिश लावली. पेटीच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक जोराची आणि एक दर्जाची. जोराची पट्टी भरलेली होती आणि दर्जाची शून्यावर. नवख्या माणसाची येथेच फसगत होते. जोराची पट्टी म्हणजे तार जोडलेली आहे आणि डोके जिवंत आहे, एवढेच. उपग्रह सापडला आहे की नाही हे फक्त दर्जाची पट्टी सांगते. काकांनी तासभर डिश वरखाली केली. शून्य. मग त्यांनी गल्लीपलीकडच्या घरावरची डिश पाहून आमची तिच्याप्रमाणे वळवली. तरीही शून्य. मी मोबाइलमधले होकायंत्र काढले. ते पाण्याच्या टाकीच्या लोखंडी तिवईशेजारी धरले तर एक उत्तर देई आणि दोन पावले बाजूला गेले की दुसरे. अंधार पडला तेव्हा काका म्हणाले, "डिशच खराब दिली लेकानं." आजीने काहीही न बोलता संचावर पुन्हा कापड घातले.

रात्री मी काकांच्या नियमाचा विचार करत बसलो. काका खोटे सांगत नव्हते. पांढुर्ण्यात तो नियम बरोबर होता. मग तीस किलोमीटरवर तो का चुकावा? याचे उत्तर मिळाले तेव्हा सगळाच विषय उलगडला.

जुना एरियल आणि डिश यांच्यातला फरक आकाराचा वाटतो, पण खरा फरक अंतराचा आहे. जुना एरियल जमिनीवरच्या मनोऱ्याकडे पाहायचा. १९२६ साली जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी पुढे आणलेली ही रचना. एक काटा लहरी पकडतो, त्याच्या मागचा थोडा लांब काटा त्या परत पुढे ढकलतो आणि पुढचे आखूड काटे त्या गोळा करतात. पकडणारा काटा लहरीच्या लांबीच्या निम्मा असावा लागतो. १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही लांबी ६५ ते ८५ सेंटिमीटर येते, तर खालच्या पट्ट्यातील चौथ्या वाहिनीला सव्वादोन मीटर. गावोगावच्या छतांवर लहानमोठे काटे दिसत, ते हौसेने नव्हे. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी वाकलेली आहे, म्हणून मनोरा काही अंतरानंतर क्षितिजाखाली जातो. हे अंतर काढायला सोपे सूत्र आहे. मनोऱ्याची आणि एरियलची मीटरमधली उंची घ्यायची, दोघांची वर्गमुळे काढून बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचे. मनोरा १५० मीटर आणि घरावरचा नळ १० मीटर धरला तर उत्तर येते ६३ किलोमीटर. सौंसर नागपूरपासून सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर, पांढुर्णा ७० च्या पुढे. सौंसर काठावर पास, आणि पांढुर्णा नागपूरपेक्षा बरेच उंचावर आहे म्हणून त्याला वाढीव गुण, असे समजा. आजोबा एवढा उंच नळ का उभारत आणि वाऱ्याने काटा थोडा फिरला तरी चित्रावर मुंग्या का येत, हे यावरून कळेल.

महत्त्वाची गोष्ट अशी की जवळच्या वस्तूची दिशा आपण हललो की बदलते. वर्गात डाव्या बाकावरून फळा उजवीकडे दिसतो आणि उजव्या बाकावरून डावीकडे. पांढुर्ण्याहून नागपूर जवळजवळ बरोबर आग्नेयेला आहे, होकायंत्राच्या १३१ अंशांवर. सौंसरहून ते बरेच दक्षिणेकडे सरकते, १५३ अंशांवर. तीस किलोमीटरच्या प्रवासात नागपूरची दिशा २२ अंशांनी फिरली.

उपग्रहाचे तसे नाही. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गियानातून सोडला. विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो आहे. त्याच्या खाली हिंदी महासागर आहे, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने तो तिच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला तो जागेवर खिळलेला वाटतो. इतक्या दूरच्या वस्तूपुढे तीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पांढुर्ण्याहून त्याची दिशा १४४ अंश, सौंसरहून साडेचव्वेचाळीस, म्हणजे १४४.५. फरक अर्ध्या अंशाचा. आगगाडीतून जाताना तारेचे खांब मागे पळतात आणि चंद्र बरोबर येतो, तोच हा प्रकार.

आता काकांचा नियम तपासा. पांढुर्ण्यात नागपूर १३१ वर आणि उपग्रह १४४ वर, म्हणजे उपग्रह नागपूरच्या उजवीकडे १३ अंश. हात पूर्ण लांब केला तर मूठ साधारण १० अंश झाकते. सव्वा मूठ, अगदी बरोबर! पण सौंसरला नागपूर १५३ वर आणि उपग्रह १४४.५ वर. येथे उपग्रह नागपूरच्या डावीकडे आठ-साडेआठ अंश पडतो, म्हणजे लांब हाताची चार बोटे. आम्ही डावीकडे चार बोटांऐवजी उजवीकडे सव्वा मूठ गेलो होतो, एकूण चूक वीस अंशांच्या वर. साठ सेंटिमीटरच्या डिशला आकाशाचा फक्त तीन अंशांचा तुकडा दिसतो. वीस अंश चुकल्यावर ती रात्रभर वरखाली केली असती तरी काही सापडले नसते.

मग शेजाऱ्याची डिश? ती एका पैसे भरायच्या सेवेची होती. बहुतेक सेवांचे उपग्रह निराळे असतात. ८३ अंश रेखांशावर एक आहे, तो सौंसरहून जवळजवळ दक्षिणेला दिसतो. १०८ अंशांवर एक आहे, तो बराच पूर्वेकडे. दोघांत ४५ अंशांचे अंतर. तेव्हा शेजाऱ्याची डिश जरूर पाहावी, पण ती आपल्याच सेवेची आहे का हे आधी विचारावे. असेल तर तिच्याइतका चांगला वाटाड्या नाही. आपली डिश तिच्याशी समांतर ठेवली की नव्वद टक्के काम झाले.

दिशा स्वतः काढायची असल्यास गणित असे. उपग्रहाचा रेखांश आणि आपला रेखांश यांतील फरकाचा टॅन घ्यायचा आणि त्याला आपल्या अक्षांशाच्या साइनने भागायचे. जे येईल तो ज्या कोनाचा टॅन, तितके दक्षिणेपासून पूर्वेकडे वळायचे. सौंसरचा रेखांश ७८.८, फरक १४.७. भागाकार ०.७१ येतो, कोन साडेपस्तीस अंश. १८० मधून तो वजा केला की १४४.५. बेळगाव बरेच पश्चिमेला आणि विषुववृत्ताच्या जवळ आहे, म्हणून आपल्याकडे हाच कोन जवळजवळ ५२ अंश येतो. सौंसरच्या डिशपेक्षा बेळगावची डिश चांगलीच पूर्वेकडे तोंड करून बसते. सुदैवाने आपल्या देशाच्या या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नसतो. होकायंत्राचे उत्तर तसेच घेतले तरी चालते, फक्त ते लोखंडापासून दूर धरावे.

दुसरा कोन उंचीचा. सौंसर आणि पांढुर्णा येथे तो साडेएकोणसाठ अंशांच्या आसपास, बेळगावला एकसष्ट. म्हणजे उपग्रह क्षितिजापेक्षा डोक्यावरच्या बिंदूला जवळ आहे. पण छतावरची डिश तर जवळजवळ उभी दिसते, मग ती समोरच्या घराकडे पाहते की काय? याचे कारण असे की ही डिश संपूर्ण वाटी नाही, मोठ्या वाटीचा एका कडेचा तुकडा आहे. किरण वरून येतो आणि परावर्तित होऊन खालच्या दांड्यावरच्या डोक्यात जातो, त्यामुळे डोक्याची सावली डिशवर पडत नाही. अशा डिशची नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात त्या हा फरक धरूनच केलेल्या असतात. साडेएकोणसाठवर बोल्ट ठेवला की पुरे, डिश उभी दिसली तरी घाबरू नये.

परंतु त्या खुणा खऱ्या ठरण्यासाठी डिशचा नळ ओळंब्यात हवा. आमचा दुसरा दोष हाच होता. ३० तारखेला आम्ही डिश आजोबांच्याच नळावर आवळली होती आणि दोरीच्या ओढीने तो नळ वर्षानुवर्षे स्वयंपाकघराकडे झुकलेला. डोळ्यांना दिसत नव्हते. ओळंबा सोडला तेव्हा कळले, चार बोटांची तफावत. एका बाजूला झुकलेल्या नळावर डिश फिरवली की दिशेबरोबर उंचीही बदलत जाते आणि माणूस वेडा होतो.

१ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या दुपारी, आम्ही नवा आखूड नळ घेतला. आजीच्या घराचा मागचा भाग स्लॅबचा आहे. तेथे सिमेंटमध्ये चार अँकर बोल्ट ठोकून पाया बसवला. गच्चीच्या कठड्यावर डिश बसवण्याचा मोह होतो, पण जुन्या विटांच्या कठड्यात बोल्ट धरत नाहीत. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात साठ सेंटिमीटरच्या डिशवर पंधरा-सोळा किलो वजनाएवढा दाब येतो आणि तो एकसारखा नसतो, हिसके देत येतो. विजेची तार हाताच्या अंतरात असेल तर त्या बाजूला नळ उभाच करू नये. जुने उंच नळ उभारताना गावोगाव अपघात झाले ते काटा तारेला लागूनच. आखूड डिशला हा धोका कमी, पण नाही असे नाही. तार घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या टोकाशी गळून जाते, तारेवरून चालत पेटीत येत नाही.

मी खाली संचासमोर, काका वर पाना घेऊन. आजोबांच्या काट्याच्या डावीकडे चार बोटे, उंची साडेएकोणसाठ. बोल्ट अर्धवट सैल ठेवून डिश केसाकेसाने पूर्वेकडून दक्षिणेकडे सरकवायची आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबायचे, कारण पेटीला विचार करायला वेळ लागतो. पूर्वी आजी "आलं, गेलं" म्हणे ते क्षणात कळायचे. आता डिजिटलमध्ये मुंग्याही नाहीत आणि भुतेही नाहीत, चित्र एक तर पूर्ण असते नाही तर मुळीच नसते. त्यामुळे जवळ आल्याची चाहूल लागत नाही. पाचव्या सरकवणीला दर्जाची पट्टी एकदम ४० वर उडाली. मी ओरडलो, "आलं!" वरून काका म्हणाले, "गेलं?" त्यांच्या कानाला तीच सवय. मग डोके त्याच्या खोबणीत थोडे थोडे पिळून पट्टी ७२ पर्यंत नेली. उपग्रहाच्या लहरी एका ठराविक पातळीत थरथरतात आणि डोके त्या पातळीशी जुळले पाहिजे, म्हणून हे पिळणे. बोल्ट आवळताना पट्टीवर नजर ठेवावी, आवळण्यानेच डिश अर्धा अंश सरकते.

आजी हळदकुंकू घेऊन आली. खंडेनवमी होतीच, तिने पान्याला लावले, ड्रिलला लावले, डिशला लावले आणि एक बोट आजोबांच्या नळालाही. संध्याकाळच्या मराठी बातम्या तिने संपूर्ण ऐकल्या. हवामान ऐकताना तिने मला गप्प राहायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अकरा वाजायला पाच मिनिटे असताना चित्र चौकोन चौकोन होऊन फुटले आणि बंद पडले. दर्जा शून्य. माझे हातपाय गळाले. छतावर धावलो, बोल्ट घट्ट होते. डिश हलवणार इतक्यात डोक्याकडे लक्ष गेले. त्याच्या तोंडावरचे प्लास्टिक उजेडाने झळकत होते. डिशवर पडलेले सगळे ऊन गोळा होऊन नेमके डोक्यात जात होते. म्हणजे सूर्य त्या क्षणी आमच्या उपग्रहाच्या बरोबर मागे उभा होता. सूर्यही रेडिओ लहरी टाकतो आणि उपग्रहाचा क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडतो. मी पाना खाली ठेवला. सात-आठ मिनिटांत चित्र आपोआप परत आले.

हे वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी काही दिवस घडते. सौंसर–पांढुर्ण्याकडे २ ऑक्टोबरच्या आसपास अकराच्या सुमारास आणि ११ मार्चच्या आसपास सव्वाअकराला. आपल्या बेळगावकडे ३० सप्टेंबरच्या सुमारास साधारण त्याच वेळी आणि १४ मार्चच्या सुमारास सव्वाअकराला. त्या काळात डिश बिघडली म्हणून कारागीर बोलावू नये. उलट याचा उपयोग करून घ्यावा. त्या दिवशी त्या वेळी छताच्या ज्या जागेवर ऊन पडलेले असेल तेथून उपग्रह दिसतो. ज्या जागेवर कडुलिंबाची किंवा टाकीची सावली असेल तेथे डिश लावणे व्यर्थ. होकायंत्र नको, टॅन नको, साइन नको. ३० तारखेलाच सकाळी अकराला आम्ही छतावर जाऊन नुसते सूर्याच्या अंगाला बोट दाखवले असते तरी काम झाले असते. काकांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा प्रकार वर्गात सांगितला तेव्हा कारवारच्या एका मित्राने विचारले, शिडाच्या होडीवर अशी डिश लावता येईल का? साधी लावता येणार नाही. होडी लाटेवर दहा-पंधरा अंश सहज डोलते, आणि डिशला आकाश दिसते ते तीनच अंशांचे. जहाजांवर पांढरे घुमट दिसतात त्यांच्या आत डिश असते आणि होडी जिकडे झुकेल त्याच्या उलट तिला मोटारी फिरवत राहतात. त्या यंत्रणेच्या किमतीत दुसरी होडी येईल. जमिनीवरचे प्रक्षेपण चालू होते त्या काळी परदेशातील होडीवाले डोलकाठीच्या टोकाला गोल तबकडीसारखा, सर्व दिशांनी सारखे ऐकणारा एरियल लावत. तो कोणाकडेच नीट पाहत नाही म्हणून जोर कमी पकडतो, पण होडी कशीही वळली तरी त्याचे बिघडत नाही. काटा घराचा, तबकडी होडीची. आता आपल्याकडे तेही राहिले नाही.

आजीला पेटीचे आकडे पाठ झाले आहेत. सह्याद्रीचा आकडा चुकला की तिच्याकडे चंदना लागते. परवा तिने फोन करून विचारले, "बापू, ते बाई कुंकू लावून बातम्या सांगते, ते तुमच्याच इकडची ना? काय म्हणते ते?" फोन संचाजवळ धरायला सांगून मी तिला वाक्यावाक्याने मराठीत सांगितले. पाऊस कुठे पडला तेवढे तिला हवे होते.